झेरॉक्स मागवावी की फाइल बघायला जावे?

माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचे ठरते, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही आणून होतो, आणि जोडपत्र 'अ', म्हणजे अर्जाचा नमुना, भरताना एका ठिकाणी पेन थबकते: माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः? बहुतेक जण 'साक्षांकित प्रती टपालाने द्याव्यात' एवढे लिहून मोकळे होतात. मीही बरीच वर्षे तेच लिहीत होतो. हल्ली नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा झाला की बहुधा 'अभिलेखाचे अवलोकन', म्हणजे फाइल प्रत्यक्ष बघणे, असे लिहितो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम २ मधल्या व्याख्येतच दोन्ही वाटा दिल्या आहेत, त्यामुळे फाइल दाखवून कुणी आपल्यावर मेहेरबानी करत नाही.

प्रतींच्या बाजूने आधी बोलतो, कारण ती बाजू लंगडी नाही. घरबसल्या काम होते. रजा टाकावी लागत नाही. गाव लहान असेल तर ग्रामसेवकाच्या टेबलासमोर बसून फाइल चाळणे म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणे. टपालाने निदान तोंडासमोर तोंड येत नाही. आणि हवा असलेला कागद नेमका ठाऊक असेल, म्हणजे अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव किंवा अमुक कामाचा कार्यारंभ आदेश, तर पानाला दोन रुपये भरून प्रत घेणे हाच शहाणपणा. पुढे अपिलात किंवा कोर्टात दाखवायला साक्षांकित प्रतच लागते, वहीत टिपलेले कुणी विचारत नाही.

मग माझे कुठे बिनसले?

आमच्या भागातल्या एका गटाराच्या कामाची देयके (बिले) आणि झालेल्या कामाची मापे नोंदवलेली मोजमाप पुस्तिका मी मागवली होती. उत्तराच्या मुदतीचे तीस दिवस भरत आले तेव्हा पत्र मिळाले: २१२ पाने, ४२४ रुपये भरा. (असे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तीसमध्ये धरत नाहीत, हे लक्षात असू द्या.) भरले. गठ्ठा आला. प्रत्येक पानावर शिक्का, सही, सगळे रीतसर. वाचत वाचत एका देयकापाशी आलो. पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते, 'कृ.मा.प.' मागे पाहिले, तर कोरे.

झेरॉक्स पाठपोट काढलीच नव्हती. कपाती किती केल्या, मोजमापे कुणी तपासली, शेरा काय मारला, हे सगळे मूळ कागदाच्या पाठीवर राहिले आणि माझ्या हातात २१२ दर्शनी बाजू आल्या. मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. एवढा गठ्ठा मशीनवर ठेवला की माणूस तो एका बाजूने ओढतो, पान उलटायचे त्याच्या मनातही येत नाही. पण त्या पाठीमागच्या मजकुरासाठी मला २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील करावे लागले. सुनावणी झाली, प्रती देण्याचा आदेश झाला, आणि शेवटी नऊ पाने आली. पहिल्या अर्जापासून मोजले तर जवळजवळ चार महिने. बाकीची २०३ पाने अजून माळ्यावर आहेत.

पुढच्या वेळी एका रस्त्याच्या कामाची नस्ती, म्हणजे फाइल, बघायला गेलो. पहिल्या तासाला शुल्क नसते, मला पाऊण तास पुरला. कोपऱ्यातले टेबल मिळाले, समोर एक लिपिक बसला, थोडा अवघडलेला. मीही अवघडलोच होतो. पान उलटले की मागचा शेरा दिसतो, एवढ्या साध्या गोष्टीचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. अंदाजपत्रकाच्या दोन पाने मागे मुदतवाढीचे एक पत्र लावलेले सापडले. असे पत्र आहे हेच मला माहीत नव्हते, मग अर्जात ते मागणार कसे? प्रती मागताना ही खरी गोची होते: न पाहिलेल्या कागदाचे नाव बरोबर लिहावे लागते. त्यात २०१२ पासून महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. मोघम लिहावे तर 'मागणी सुस्पष्ट नाही' असे उत्तर येते. मी अकरा पृष्ठांचे क्रमांक टिपले, २२ रुपये भरले आणि तेवढ्याच प्रती घेतल्या, पाठपोट.

अवलोकनाचा त्रास नाही असे नाही. कामाच्या दिवशी, कार्यालयाच्या वेळेत जावे लागते. संबंधित लिपिक नेमका रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर असतो, की मारा दुसरी फेरी. मोबाईलने फोटो काढू देतील की नाही, हे त्या त्या अधिकाऱ्यावर अवलंबून; मी त्यावर वाद घालत नाही, वही नेतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने स्थानिक संस्था आणि जिल्हा कार्यालयांतले अभिलेख दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना पाहता यावेत असे परिपत्रक काढले होते. ते प्रत्येक ठिकाणी पाळले जाते या भरवशावर जाऊ नका. रीतसर अर्ज करून वेळ लेखी ठरवून घेतलेली बरी.

तुम्ही दुसऱ्या शहरात राहत असाल किंवा कागद एकच आणि नक्की असेल, तर टपालाचीच वाट धरा, फक्त अर्जात 'पाठपोट' हा शब्द घालायला विसरू नका. पण प्रकरण एखाद्या बांधकामाचे, निविदेचे, खर्चाचे असेल आणि आत काय आहे याचा नीट अंदाज नसेल, तर माझ्या मते आधी बघायला जावे. त्याच अर्जात 'अवलोकनानंतर निवडलेल्या पृष्ठांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात' हे वाक्य टाकले की दुसऱ्या अर्जाची गरज सहसा पडत नाही. माझ्या अनुभवात तरी पडलेली नाही.

जाताना अर्जाची पोच आणि ओळखपत्र जवळ ठेवा. उठण्याआधी नस्तीचे पृष्ठांकन कुठून कुठपर्यंत आहे ते अर्जाच्या प्रतीवर लिहा आणि समोरच्या कर्मचाऱ्याची तारखेसह सही मागा. नंतर आलेल्या प्रतींत १३७ वे पान नसेल, तर ते त्या दिवशी फाइलमध्ये होते हे दाखवायला हातात काहीतरी राहते.