अ‍ॅशबर्न की पर्सेलव्हिल: लाउडन काउंटीत घर घेताना

व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत घर शोधणाऱ्या मराठी मंडळींचा घोळ बहुतेक एकाच ठिकाणी अडतो. पूर्वेला अ‍ॅशबर्न-ब्रॅम्बलटनकडे टाउनहाउस घ्यायचं, की पश्चिमेला पर्सेलव्हिल, राउंड हिलच्या बाजूला थोडी जमीन असलेलं घर?

१९७० साली या अख्ख्या काउंटीत जेमतेम ३७ हजार माणसं होती. बाकी सगळी शेती आणि गोठे. डलस विमानतळ १९६२ मध्येच झाला होता, १९९५ मध्ये ग्रीनवे हा टोल रस्ता आला, आणि २०२० च्या जनगणनेत आकडा ४ लाख २० हजारांवर पोचला. ही वाढ मुख्यतः पूर्वेकडची. पश्चिमेला काउंटीने शेती टिकवायची म्हणून घरांची दाटी होऊ दिली नाही. तिथे आजही खडीचे रस्ते आहेत.

अ‍ॅशबर्नला नोव्हेंबर २०२२ पासून मेट्रो आहे. फुटपाथ, दुकानं, शाळा हाताशी. भारतातून आई-बाबा सहा महिने येणार असतील, तर माझ्या मते इथेच अर्धा निर्णय होतो. गाडी न चालवणारी माणसं पश्चिमेच्या घरात दिवसभर अडकून पडतात. पूर्वेला महिन्याची एचओए फी (वसाहतीच्या घरमालक संघटनेची वर्गणी) मात्र चुकत नाही, आणि शेजारी डेटा सेंटर, म्हणजे संगणकांनी भरलेली अवाढव्य इमारत, असू शकतं. या डेटा सेंटरांच्या यंत्रसामग्रीवरच्या करामुळे घरपट्टी आटोक्यात राहते: २०२५ चा दर १०० डॉलरमागे ८०.५ सेंट, म्हणजे ८ लाखांच्या घराला वर्षाला ६,४४० डॉलर. पण पंख्यांची घरघर खिडकीत आली की हा हिशेब आठवत नाही. घरामागच्या मोकळ्या प्लॉटचं झोनिंग (तिथे काय बांधायला परवानगी आहे ते) आणि विमानांच्या आवाजाचा पट्टा, दोन्ही काउंटीच्या नकाशावर स्वतः बघा. एजंटच्या शब्दावर राहू नका.

पश्चिमेला डोंगर दिसतात, रात्री तारे दिसतात, आणि याची भूल मलाही पडली होती. राउंड हिलजवळ एक घर आम्हाला फार आवडलं. जाहिरातीत चार बेडरूम. सेप्टिकचं परमिट मागवलं, तर ते तीनचंच! मैला जिरवण्याची जमिनीची ताकद बघून बेडरूमची संख्या ठरते. चौथी खोली विक्रेत्याने बेसमेंटमध्ये नुसती काढलेली. आम्ही मागे फिरलो. गावाबाहेर घर घेतलंत की नगरपालिका तुम्हीच. विहिरीचं पाणी तपासायचं, सेप्टिक टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्यायची, आणि वीज गेली की पंप बंद, म्हणजे नळाला पाणी नाही. जनरेटरचा खर्च घराच्या किमतीतच धरा. पर्सेलव्हिल गावाच्या हद्दीत नळाचं पाणी मिळतं, पण तिथे काउंटीच्या घरपट्टीवर गावाचा कर वेगळा.

शाळेच्या भरवशावर घर घेणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: पूर्वेला नवीन शाळा उघडली की हद्दी बदलतात. आज जी शाळा दिसते तीच पाच वर्षांनी राहील असं धरून चालू नका.

मुलं लहान, दोघंही ऑफिसला जाणारे, आई-वडिलांचं येणं-जाणं असेल तर मी निःशंकपणे अ‍ॅशबर्न सांगेन. घरून काम आणि मातीत हात घालायची खरी आवड असेल तर पश्चिम. फक्त ऑफर देण्याआधी मंगळवारी सकाळी सात वाजता तिथून रूट ७ या हमरस्त्याने ऑफिसपर्यंत एकदा गाडी चालवून बघा.