एक्सपल्सच्या मागच्या ब्रेकचे अ‍ॅल्युमिनियम कव्हर: एका पावसाळ्यानंतर

हिरोच्या एक्सपल्स २०० या मोटारसायकलच्या मागच्या चाकाला २२० मिलिमीटरची डिस्क असून तिचा कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) दगडगोट्यांच्या अगदी माऱ्यात येतो, म्हणून मी त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे कव्हर बसवून मावळातल्या कच्च्या वाटांवर अख्खा पावसाळा गाडी चालवली. प्लॅस्टिकचे कव्हर हलके आणि स्वस्त असते, पण मोठा धोंडा लागला की तडकते. हे मात्र एका ठिकाणी बोटभर चेपले, तरी आतल्या कॅलिपरला ओरखडासुद्धा आला नाही.

खरेदी करताना जाडीइतकेच कव्हरच्या मोकळ्या खाचांकडे पाहावे, कारण पूर्ण बंद कव्हरमध्ये लाल चिखल अडकून वाळतो, डिस्कवर घासत राहतो आणि ब्रेकची उष्णताही बाहेर पडू देत नाही. माझ्या कव्हरला खाचा आहेत, तरीही प्रत्येक फेरीनंतर ते धुवावेच लागते. बोल्ट मात्र निकृष्ट निघाले. दुसऱ्याच फेरीत एक गळून पडला. आता स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून बसवले आहेत. साखळीला तेल देताना डिस्क फडक्याने झाकावी. पॅडवर थेंब गेला तर ब्रेक नीट लागत नाही.