एका संगणकावर चार खाती: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरात एकच डेस्कटॉप, त्यावर उबुंटू ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम. तिघांची तीन खाती, आणि चौथं खातंही माझंच, फक्त बँकेच्या आणि कराच्या कामांसाठी. ही मांडणी करून आता बरेच महिने झाले. आजकाल प्रत्येकाकडे स्वतःचं यंत्र असतं, मग डेस्कटॉपला अनेक वापरकर्त्यांची सोय हवीच कशाला, असं पुष्कळदा ऐकू येतं. माझ्या मते हवीच, आणि त्याचं मुख्य कारण ते चौथं खातं आहे.

माझ्या नेहमीच्या खात्यात चालणारा साधा प्रोग्रॅम माझी जवळजवळ प्रत्येक फाइल वाचू शकतो. त्यासाठी त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. तो पासवर्ड राखतो सिस्टिमच्या फाइली. माझे फोटो आणि कागदपत्रं त्याच्या राखणीत येतच नाहीत. खातं वेगळं असलं की मात्र खुद्द कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आडवा येतो. उबुंटूत २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचं होम फोल्डर (त्या माणसाच्या सगळ्या फाइलींचं घर) दुसऱ्या साध्या खात्याला उघडत नाही. त्याआधी ते वाचायला खुलं असायचं, म्हणून जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आला असाल तर परवानग्या एकदा तपासून घ्या. विंडोज ९५ मध्येही वेगवेगळी नावं देता येत, पण लॉगिनची चौकट रद्द केली तरी माणूस आत शिरायचा.

अँड्रॉइड तर प्रत्येक अ‍ॅपलाच स्वतंत्र यूजर आयडी देतं, म्हणजे जणू वेगळं खातंच. एकाच माणसाच्या खिशातल्या फोनलाही ही यंत्रणा लागते, मग डेस्कटॉपवरून ती काढायची भाषा मला पटत नाही.

रोजच्या वापरात खाती बदलणं सहज जमतं. फक्त आधीच्या माणसाचा ब्राउझर मागे मेमरी धरून बसतो, तेव्हा ८ जीबीत तिघं एकदम लॉगिन असले की यंत्र जड होतं.

खरा त्रास फाइली वाटून घेण्यात आहे. सगळ्यांचा एक ग्रुप केला, सामायिक फोल्डरला सेटजीआयडी ही परवानगीची खूण लावली, म्हणजे आत तयार होणारी फाइल आपोआप त्या ग्रुपची होते. पण त्याच डिस्कवरून कुणी फाइल उचलून तिथे हलवली, तर ती जुना ग्रुप आणि जुन्या परवानग्या घेऊनच येते, आणि दुसऱ्याला ती बदलता येत नाही. पेनड्राइव्हचंही तसंच. ज्याच्या खात्यात ती जोडली गेली त्याच्याच नावाच्या फोल्डरखाली ती माउंट होते, म्हणजे तिथे उघडते, आणि खातं बदललं की दुसऱ्याला दिसते पण उघडत नाही. घरातल्या माणसांना हे का होतं ते कळायला मार्ग नाही, कारण पडद्यावर नुसतं 'परवानगी नाही' एवढंच येतं. चांगली सोय इथे अर्धवट सोडली आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुसरं खातं काढतानाच सिस्टिमने सामायिक फोल्डर विचारून, नीट लावून द्यायला हवं.

तोवर त्या फोल्डरात फाइल हलवू नका, कॉपी करा. नवी प्रत बरोबर ग्रुपची होते.