कार्ब्युरेटर रिपेअर किट: रबर घ्या, पितळ जुनंच ठेवा

ब्रँड नसलेल्या, सुट्या रिपेअर किटमध्ये साधारण मेन जेट, पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा; पायलट आयडलिंगसाठी), निडल (थ्रॉटलप्रमाणे वरखाली होणारी निमुळती सुई), एमल्शन ट्यूब (ही सुई जिच्यात सरकते ती पितळी नळी), फ्लोटची निडल (तरंगणाऱ्या फ्लोटने उघडझाप होणारी पेट्रोलची झडप), पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा), बोलचं, म्हणजे खालच्या पेट्रोलच्या वाटीचं, गॅस्केट आणि ओ-रिंगा असतात. व्हॅक्यूम कार्ब्युरेटर (ज्यात इंजिनाच्या ओढीने रबरी पडदा निडल उचलतो) घरी खोलणाऱ्याला यातलं निम्मंच उपयोगी. रबर बिनधास्त वापरा, पण पितळी भाग शक्यतो गाडीचे मूळचेच परत बसवा.

कारण साधं आहे. जेटवर छापलेला आकडा जुळला म्हणजे जेट जुळलं, असं होत नाही. कीहिन या जपानी कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे 38 नंबरचं भोक 0.38 मिमी. मिकुनी या दुसऱ्या जपानी कंपनीच्या षट्कोनी मेन जेटचा नंबर मात्र पेट्रोलच्या प्रवाहावरून ठरतो. किटमधलं जेट आणि जुनं जेट भिंगाखाली शेजारी धरा. स्वस्त जेटच्या भोकाच्या काठावर बरेचदा धातूची बारीक कूस दिसते, मूळ जेटच्या तोंडाशी असतो तसा स्वच्छ उतार नसतो. निडलची लांबी सारखी असली तरी निमुळतेपणा वेगळा निघू शकतो. मग आयडलिंग ठीक, पण अर्ध्या थ्रॉटलला गाडी गुदमरते. जेट सहसा झिजत नाही, त्यात पेट्रोलची राळ साचते. झिजते ती निडल आणि तिचा पितळी मार्ग, म्हणजे एमल्शन ट्यूबचं तोंड. तो गोलाऐवजी लांबट दिसत असेल तर निडलसकट दोन्ही बदला, पण कंपनीचे घेऊन.

फ्लोटची निडल हा किटमधला सर्वांत महत्त्वाचा भाग. जुन्या निडलच्या रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर ओव्हरफ्लो, म्हणजे बोल भरून पेट्रोल बाहेर वाहणं, तिथूनच होतो. नवी निडल जुनीशेजारी धरून लांबी जुळते का ते पाहा आणि बसवल्यावर फ्लोटची उंची मोजाच. बोल आणि गॅस्केट काढून कार्ब्युरेटर असा तिरका धरा की फ्लोटची जीभ (निडलला टेकणारी छोटी पट्टी) निडलच्या स्प्रिंगवाल्या पिनला नुसती टेकेल, पिन दबणार नाही. पिन दाबून घेतलेलं माप खोटं येतं, ही चूक फार जण करतात. मॅन्युअलमधल्या मापाशी फरक असेल तर जीभ अगदी हलकी वाकवा. जीभ प्लॅस्टिकची असेल तर वाकवता येत नाही, तिथे निडलची लांबी बरोबर असण्याला पर्याय नाही.

पायलट स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. जोर लावला तर टोक आतच मोडतं. क्रम स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग असा, आणि ओ-रिंग सर्वांत आत. जुनी ओ-रिंग बहुतेक वेळा भोकातच चिकटून राहते. ती बारीक वाकवलेल्या तारेने काढली नाही तर नवी तिच्यावर बसते आणि स्क्रूची सेटिंग लागतच नाही.

किट बसवलं म्हणजे सफाई झाली नाही. स्प्रे मारण्याआधी सगळं रबर आणि डायफ्राम (तो पातळ रबरी पडदा) बाहेर काढा, नाहीतर डायफ्राम फुगून वाया जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण स्प्रे एका भोकातून मारला की दुसऱ्यातून थेट तोंडावर उडतो. पायलट जेट उजेडात धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. अडकलं असेल तर वायरीतली तांब्याची एक तार चालते, ड्रिल किंवा पोलादी सुई नको. थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या (हवेचा मार्ग उघडझाप करणारी गोल चकती) बारीक भोकांतून स्प्रे बाहेर येतो का ते एकेक करून पाहा. आयडलिंगचा त्रास तिथेच लपतो. पाकळीचे स्क्रू मात्र खोलू नका, त्यांची टोकं ठोकून पसरवलेली असतात.

जपानी कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या फिलिप्सने माथा खराब होतो.

या किटची मोठी उणीव म्हणजे डायफ्राम नसतो. जुना हलका ताणून उजेडात पाहा, टाचणीएवढं छिद्रही चालत नाही. बोलचं गॅस्केट खाचेत नीट बसत नसेल तर सीलंट लावू नका, पेट्रोलने ते सुटून तुकडे जेटमध्ये जातात.

गाडीवर चढवण्याआधी कार्ब्युरेटर सरळ धरून बाटलीतून नळीने पेट्रोल सोडा आणि 10 मिनिटं ओव्हरफ्लोच्या नळीकडे लक्ष ठेवा. थेंब आला तर परत फ्लोटच्या निडलपासून सुरुवात करा.