नाइन इंच नेल्सचा 'द फ्रॅजाइल': दोन डिस्क, पूर्ण ऐका

1999 ला ह्या अमेरिकन रॉक बँडचा हा डबल अल्बम आला तेव्हा लोकांनी धडाधड विकत घेतला, अमेरिकेत पहिल्या आठवड्यात थेट नंबर एक, आणि पुढच्याच आठवड्यात धाडकन सोळावर. आधीचा अल्बम 1994 चा, पाच वर्षं वाट बघितलेली, त्यामुळे बऱ्याच जणांना तसाच राग, तसाच धडाका हवा होता आणि हातात आली 23 गाणी, त्यातली कितीतरी बिनशब्दांची. खूप लांबलंय, पसरट झालंय, ही तक्रार तेव्हापासून आहे आणि दुसऱ्या डिस्कबाबत थोडी खरीही आहे, तिथे मधली दोन-तीन गाणी काढली असती तर चाललं असतं.

पण पहिली डिस्क! 'द फ्रेल' मध्ये नुसता पियानो, दोनच मिनिटं, आणि तीच चाल पुढे 'द फ्रॅजाइल' गाण्यात परत येते तेव्हा अंगावर काटा येतो. 'ला मेर' ची धून पण दुसऱ्या डिस्कमध्ये 'इंटू द व्हॉइड' ला पुन्हा भेटते. म्हणून सांगतो, शफलवर लावू नका प्लीज, सगळी वीण उसवते. 'द डे द वर्ल्ड वेंट अवे' मध्ये तर ड्रम्सच नाहीत, गिटारची भिंत अंगावर येते, मग एकदम शांत, मग परत.

आता तेच श्रोते ह्यालाच ट्रेंट रेझ्नरचं, म्हणजे ह्या बँडच्या संस्थापक-गायकाचं, सगळ्यात मोठं काम म्हणतात, मी पण त्यातलाच. रात्री, हेडफोन लावून, पावणेदोन तास काढा.