जुन्या हायब्रिड कॅमरीची उद्यमनगरात झालेली सर्व्हिसिंग

माझ्या २०१४ सालच्या टोयोटा कॅमरी हायब्रिडचे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचे, मायलेज लिटरला सोळावरून तेरा किलोमीटरवर उतरल्यावर एका ठिकाणी थेट मोठी बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला होता. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तेथील मेकॅनिकने सर्वप्रथम मागच्या आसनाजवळची, बॅटरीला थंड हवा पुरवणारी जाळी आणि पंखा उघडला, तेव्हा आत धुळीचा जाड थर निघाला. ही निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची मोठी बॅटरी तापली की यंत्रणा तिचा वापर मर्यादित करते आणि पेट्रोल इंजिनाला अधिक वेळ चालावे लागते, हे त्याने न कंटाळता समजावले. पंख्याची सफाई, पुस्तिकेत सांगितलेले पातळ इंजिन ऑइल आणि टायरमधील योग्य हवा एवढ्यावर, टाकी दोनदा काठोकाठ भरून केलेल्या मोजणीत, मायलेज पंधरापर्यंत आले. पन्हाळ्याचा घाट उतरताना ब्रेक हलका व लवकर दाबल्यास बॅटरी चांगली चार्ज होते, ही त्याची सूचनाही उपयोगी ठरली. मात्र गाडी सांगितलेल्या दिवसाऐवजी दोन दिवस उशिरा मिळाली, आणि पक्के बिल मागूनच घ्यावे लागले.