सुरक्षा क्लिनिक: औषध चांगलं, पण तपासणी मागून घ्या

मराठवाड्यात 'गुप्तरोग'वाल्या पाट्या बसस्टँडपासून दिसतात. सरकारी सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांचा दवाखाना, मात्र विचारत जावं लागतं. संभाजीनगरच्या घाटीसारखी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयं इथे ते असतं, बहुधा त्वचारोग किंवा स्त्रीरोग ओपीडीला लागून. केसपेपरच्या खिडकीवर आजार सांगत बसू नका, ओपीडीचं नाव सांगितलं तरी पुरतं. तपासणी, समुपदेशन, औषध सगळं मोफत. जवळचं केंद्र कळत नसेल तर १०९७ ला फोन करा, तोही फुकट.

औषधं रंगीत पाकिटांत मिळतात. राखाडी पाकिटात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम: क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया), संबंधातून लागणाऱ्या या दोन्ही जिवाणूंच्या आजारांवर. गोळ्या तिथेच, समोर घ्या. तासाभरात उलटी झाली तर डोस वाया गेला; परत जाऊन सांगा.

खरी अडचण वेगळीच आहे. इथे उपचार लक्षणांवरून ठरतो आणि क्लॅमिडिया तर गुपचूप राहणारा. बहुतेक बायकांना आणि निम्म्या पुरुषांना काहीच त्रास जाणवत नाही. बाईने नुसतं 'अंगावरून पांढरं जातंय' म्हटलं आणि आतून तपासलं नाही, तर हातात हिरवं पाकीट पडतं. त्यातलं सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल क्लॅमिडियाच्या जिवाणूला काही करत नाही. म्हणून स्पेक्युलमने, म्हणजे योनीमार्ग उघडून आत बघायच्या साधनाने, तपासायला सांगा. संबंधानंतर रक्त जाणं, ओटीपोटात दुखणं, नवऱ्याला लघवीला जळजळ हे न विचारता सांगा. दुखणं अंगावर काढलं तर गर्भनलिका बंद होतात, नळीत गर्भ राहण्याची भीती असते. 'पांढरं जातंय' म्हणून गर्भपिशवीच काढून टाकण्याचा प्रकार बीडमध्ये किती फोफावला होता, ते २०१९ मध्ये सगळ्या राज्याने ऐकलं. त्यातल्या कितीतरी बायकांना आधी नीट तपासणी मिळायला हवी होती.

दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस हा क्लॅमिडियावरचा जास्त खात्रीचा उपचार, पण गरोदरपणात तो चालत नाही, तिथे ॲझिथ्रोमायसिनच.

जोडीदाराला औषध नाही तर तुमचंही फुकट. हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. दोघांनी औषध घेतल्यावर ७ दिवस संबंध नको, आणि हे दिवस ज्याने शेवटी औषध घेतलं त्याच्यापासून मोजायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, हे दसऱ्याआधीच उरकावं. एकदा फडावर पोचलं की आठवड्याने पुन्हा दाखवायला येणं होत नाही. नवरा पुण्याला कामाला असेल तर त्याने तिथल्याच सुरक्षा क्लिनिकमध्ये जावं, इथला केसपेपर सोबत असला तर बरं.

निरोध निघताना मागून घ्या. तो प्रत्येक वेळी, सुरुवातीपासून वापरला तरच कामाचा.